जर्मनचं भांडं आणि बाबांची जावा

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सांगणारी माणसं बहुधा स्वतः निवृत्त झालेली नसतात. आमचे चिरंजीव वय वर्षे ३२, नोकरी पुण्यात. गेल्या दिवाळीला घरी आले, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली झोपलेली बाबांची मोटारसायकल त्यांनी उघडून बघितली आणि म्हणाले, "पप्पा, ही आपण रिस्टोअर करू या."

या वाक्यातला 'आपण' फार फसवा असतो. 'आपण करू या' म्हणणारा भाऊबीज आटोपून पुण्याला जातो आणि 'आपण'मधला उरलेला भाग कोल्हापुरात रॉकेलचा वास घेत बसतो.

कामाची वाटणी चिरंजीवांनीच केली. इंजिन उघडायचं काम मेकॅनिकचं, रंग पेंटरचा, क्रोमिंग क्रोमिंगवाल्याचं. "आणि अल्युमिनियमचे पार्ट्स चकचकीत करायचं काम तुमचं. त्यात काही डोकं लागत नाही," असं ते म्हणाले. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे वाक्य नवीन नव्हतं, म्हणून मी होकार दिला.

आता ही मोटारसायकल म्हणजे जावा. १९६६ सालची, मैसूरला तयार झालेली, २५० सीसी, मरून रंगाची. आमच्या घरात या शब्दाने पहिल्यापासून घोटाळा केलेला आहे. बाबांनी ती घरी आणली त्या दिवशी आजीला कुणीतरी ओरडून सांगितलं, "आजी, जावा आली!" आजीला कमी ऐकू यायचं. तिला वाटलं, दुसऱ्या सुनेची सोय झाली. आई एकुलत्या एका मुलाची बायको, पण ती पुढे कायम म्हणायची, "मला जाऊ नव्हती, ती यांनी शोरूममधून आणली." आणि गंमत म्हणजे आमचे चिरंजीवही पुण्यात दिवसभर जावातच काम करतात. ती कॉम्प्युटरची भाषा. तिला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागत नाही, एवढा फरक.

या नावाचा खरा उगम मात्र जावांमध्येही नाही आणि इंडोनेशियातही नाही. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक नावाचे एक गृहस्थ शस्त्रास्त्रं बनवत असत. शांततेच्या काळात शस्त्रांना गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा नमुना विकत घेतला. यानेचेकचं 'जा' आणि वांडररचं 'वा'. लग्नात वधूवरांच्या नावांची अक्षरं जोडून बंगल्याला नाव द्यायची आपली पद्धत प्रागपर्यंत पोचली होती, हे पाहून बरं वाटतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात होतं. कारखाना दिवसा जर्मन सैन्याची कामं करी आणि इंजिनिअर मंडळी लपूनछपून युद्ध संपल्यावर काढायच्या मोटारसायकलचे नकाशे आखत बसत. त्या काळात प्रागमध्ये एक अफवा होती. पायाला स्प्रिंगा लावलेला एक माणूस रात्री भिंतींवरून टणाटण उड्या मारतो आणि जर्मनांना सापडत नाही. त्याचं नाव पेराक. युद्ध संपलं, १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात नवी जावा उभी राहिली. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे स्प्रिंगा होत्या. लोकांनी तिचंही नाव पेराक ठेवलं. तिचं इंजिन बघणाऱ्याला इंजिन वाटतच नसे. सगळे खाचखळगे झाकणारी गुळगुळीत, फुगीर, अंड्यासारखी अल्युमिनियमची कव्हरं. त्याच घराण्यातली पुढची पिढी १९६१ पासून मैसूरला तयार होऊ लागली. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी तिथे आयडियल जावा हा कारखाना काढला होता. पुढे तीच गाडी येझ्दी झाली, १९९६ साली कारखाना बंद पडला आणि २०१८ साली जावा हे नाव दुसऱ्यांच्या हातून पुन्हा रस्त्यावर आलं. आमची मात्र शेडमध्येच होती.

सांगायचा मुद्दा, या गाडीच्या सौंदर्याचा निम्मा भाग म्हणजे ती अल्युमिनियमची अंडी. आणि ती आमच्या वाट्याला आली होती.

कव्हरं सोडवून अंगणात मांडली. अल्युमिनियम असं कुठे दिसेना. पांढरट पापुद्रे, काळे डाग, बेचक्यांत पन्नास वर्षांचं ऑईल आणि माती. अल्युमिनियमला गंज चढत नाही, हा माझा समज त्या दिवशी गेला. गंज चढतो, पण तो लोखंडाच्या गंजासारखा घरभेदी नसतो. अल्युमिनियम हवेला लागलं रे लागलं की त्याच्यावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. मीटरचे अब्ज भाग केले तर त्यातल्या तीन-चार भागांएवढा पातळ. हाच पापुद्रा आतल्या धातूला हवेपासून सांभाळतो. म्हणजे लोखंड गंजून मरतं आणि अल्युमिनियम गंजून जगतं. सरकारी कचेरीत असे काही लोक मी पाहिलेले आहेत.

आधी तेलकटपणा काढावा म्हणून मी सौभाग्यवतींचं मोठं स्टीलचं पातेलं घेतलं, पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा सढळ हाताने टाकला आणि डावं कव्हर सोडलं. पाण्यात छान बुडबुडे येऊ लागले. सोडा काम करतोय म्हणून मी समाधानाने चहा प्यायला बसलो. पाऊण तासाने कव्हर बाहेर काढलं, तर ते तव्याच्या बुडासारखं काळं.

सौ. बाहेर आल्या. आधी त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग कव्हराकडे, आणि शेवटी, उतरत्या क्रमाने, माझ्याकडे.

"अहो, अल्युमिनियमला सोडा लावतं का कुणी? जर्मनचं पातेलं सोड्याने काळं पडतं, हे आम्हाला लग्नाआधीपासून ठाऊक असतं!"

नंतर चिरंजीवांनी फोनवर रसायनशास्त्र समजावलं. सोड्यात तो रक्षण करणारा पापुद्रा विरघळतो आणि मग सोडा सरळ धातूलाच खायला उठतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते. मिश्रणातलं तांबं-सिलिकॉन मागे उरतं, त्याचा तो काळा थर. सौ.नी यातलं काहीच न सांगता कव्हराला चिंचेचा कोळ लावला आणि ते बरंचसं उजळलं. आमच्या घरात विज्ञान फोनवरून येतं आणि उपाय स्वयंपाकघरातून.

सौ. म्हणाल्या ते 'जर्मनचं पातेलं' तुमच्याही घरी असेल. आपल्याकडे तांब्या-पितळेला घराण्यात मान. त्यांना कल्हई लावायला खास माणूस दारात यायचा, भाता मारायचा, नवसागराचा धूर काढायचा, आणि आम्ही पोरं काळ्या भांड्यात चांदी कशी उगवते ते बघत उभे. अल्युमिनियमच्या नशिबी ही मिरवणूक नाही. ते गोठ्यातल्या धारेला, न्हाणीघरात, फार तर शाळेच्या डब्याला. नावसुद्धा धड नाही, म्हणे जर्मन.

पण या जर्मनच्या भांड्याने एकेकाळी राजवाडे पाहिलेत, हे मला कव्हरं घासता घासता वाचायची सवय लागली तेव्हा कळलं. हा धातू जमिनीत उदंड, पण ऑक्सिजनला असा मिठी मारून बसलेला की सुटता सुटेना. आपल्या घरोघरी तो होताच. पाणी निवळायला फिरवायची ती तुरटी म्हणजे याचाच क्षार. तुरटीच्या लॅटिन नावावरून याचं नाव पडलं. १८२७ साली फ्रीडरिश व्होलर या शास्त्रज्ञाने त्याची चिमूटभर भुकटी वेगळी केली. व्होलर जर्मन होता. म्हणजे आमच्या आजीच्या पातेल्याचं नाव अगदीच वाऱ्यावर नव्हतं. पुढे फ्रान्समध्ये देव्हिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जरा मोठ्या प्रमाणावर अल्युमिनियम काढलं, आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या कांड्या लोकांनी दागिन्यांसारख्या पाहिल्या. तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना म्हणे अल्युमिनियमचे काटे-चमचे देई आणि बाकीच्यांना सोन्याचे. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर नेपोलियनची तिला दया आली असती.

१८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकाचा १६९ मीटर उंच मनोरा पूर्ण झाला. त्याच्या टोकावर काय बसवावं? अल्युमिनियम. १०० औंसांचा, सुमारे २३ सेंटिमीटर उंचीचा छोटासा पिरॅमिड. वर चढवण्यापूर्वी तो न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्यांच्या दुकानात मांडला होता. तिथे लोक त्याच्यावरून उडी मारून जात. पुढे जन्मभर सांगायला मोकळे, की मी वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावरून उडी मारलेली आहे.

आणि नंतर दोनच वर्षांत या धातूचं राज्य खालसा झालं. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच युक्ती शोधली. क्रायोलाइट वितळवायचं, त्यात अल्युमिनियमचं ऑक्साइड विरघळवायचं आणि वीज सोडायची. हॉलने हे घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये केलं, बहिणीच्या मदतीने. दोघंही १८६३ साली जन्मले, दोघंही १९१४ साली गेले. भाव कोसळले, आणि राजाच्या पंगतीतला धातू गोठ्यात धारेला आला. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली आणि जर्मनची भांडी देशी झाली. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाच्या इंजिनाचा क्रँककेस अल्युमिनियमचा होता. एकदा ते आकाशात गेलं म्हटल्यावर मोटारसायकलवर बसायला कितीसा वेळ!

तर, घासकाम. आधी २२० नंबरचा एमरी पेपर, मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००. दर नंबरला दिशा बदलायची. आधी आडवं घासलं असेल तर आता उभं. म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. एक मौज बघा. एमरी पेपरवर जी खर असते ती कुरुंदाची. आणि कुरुंद म्हणजे कोण? अल्युमिनियमचं ऑक्साइड! माणिक आणि नीलम हेही त्याच कुळातले. म्हणजे ज्या गंजाला मी घासत होतो, त्यालाच हाताशी धरून घासत होतो. भाऊबंदकीचं इतकं चोख उदाहरण मला बँकेतल्या वारसदारांच्या तक्रारींतही आढळलं नव्हतं.

तीन आठवडे घासून हाताची कातडी १००० नंबरची झाली. मग मी कव्हरं पिशवीत घालून उद्यमनगरात बफिंगच्या एका मिस्त्रीकडे गेलो. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक मोटर, तिच्या दोन्ही टोकांना कापडी चाकं, आणि काजळ फासल्यासारखा मिस्त्री. त्याने बोटाने कव्हर चाचपलं.

"साहेब, हात कुणाचा?"

"माझा."

"बरा हाय. घाई केलीसा हितं, चारशे सोडून सहाशेवर गेलासा."

गेलो होतो. एका रविवारी मॅच होती. बोटाच्या टोकाने माणसाचा रविवार ओळखणारा ऑडिटर मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

त्याने चाकाला साबणाच्या वडीसारखी तपकिरी वडी लावली आणि कव्हर धरलं. काळी रेघ, मग धूर, मग एकदम उजेड. मलाही हुरूप आला. "मी बघू का करून?" म्हटलं. त्याने सांगितलं होतं, चाकाच्या खालच्या अंगाला धरायचं आणि कड कधीही चाकासमोर द्यायची नाही. मी कडच दिली. चाकाने ते छोटं झाकण माझ्या हातातून असं हिसकावलं की ते थेट समोरच्या चहाच्या टपरीच्या पत्र्यावर. पेराक पुन्हा जन्माला आला! टपरीवाला शांतपणे म्हणाला, "आज दुसरं." म्हणजे माझ्याआधी कुणीतरी हौशी येऊन गेला होता.

मग मिस्त्रीने उजवं कव्हर उचललं, आणि तिथे तो थांबला.

त्या कव्हरावर चार बोटं लांबीचा, खोल ओरखडा आहे. त्याचा इतिहास आमच्या घरात सर्वांना पाठ. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसीअर. १९७१ साली राधानगरीहून दाजीपूरच्या रस्त्याने जाताना एका वळणावर समोर गवा उभा. बाबांनी गाडी वळवली, गाडी आडवी झाली, कव्हर जांभ्या दगडावर घासलं. गवा निघून गेला. पुढे दरवर्षी तो गवा थोडा थोडा वाढत गेला. मी पाचवीत असताना त्याची शिंगं हातभर होती; मॅट्रिकला गेलो तेव्हा रस्ता त्याला पुरत नव्हता. मी त्याच्यावर 'अविस्मरणीय प्रसंग' हा निबंध लिहून १० पैकी ८ गुण मिळवले. पुढे एक गोष्ट कळली आणि फार आवडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याबरोबर बॉक्साइट सापडतं, आणि बॉक्साइट म्हणजे अल्युमिनियमची खाण. त्या ओरखड्यात माहेरच्याच दगडाचा हात होता.

"हे घासून जाणार न्हाई," मिस्त्री म्हणाला. "लई खोल हाय. सगळंच त्या पातळीला आणायचं म्हटलं तर कव्हर पातळ हुतंय. त्यापेक्षा आर्गननं भरून घेऊ, वरनं घासू. हुतं का न्हवतं, कळायचं बी न्हाई. बोला, भरू?"

काम तर चकचकीत करायचं. त्यासाठी तर तीन आठवडे घासलं. मी 'भरा' म्हणणार होतो, पण म्हटलं, "उद्या सांगतो."

घरी येऊन तयार झालेली कव्हरं आईपुढे ठेवली. आई ८४ वर्षांची. तिने डावं कव्हर हातात धरलं. गिअरच्या दांड्याजवळ, जिथे बाबांचा बूट वीस वर्षं टेकत होता, तिथे ते इतकं झिजलंय की माझ्या सगळ्या नंबरांच्या आधीच तिथे चकाकी होती. आईने त्यावरून नुसता अंगठा फिरवला. मग उजवं घेतलं.

"हा ओरखडा काढतोयस?"

"मिस्त्री म्हणतो भरू. बाबांच्या गव्याची खूण आहे, पण दिसायला—"

"कसला गवा? तो ओरखडा माझा आहे."

सौ. हातातली ताटली घेऊन दारातच थांबल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी मी चालवत होते. हे मागे बसले होते." आई म्हणाली. "त्यांनीच शिकवली. म्हणाले, या गाडीला गिअर बदलताना क्लच धरावा लागत नाही, तुला सहज जमेल. साडीत पाय टाकता येईना, म्हणून सासूबाईंचं नऊवारी लुगडं पिशवीत घालून नेलं आणि पुढे झाडाआड नेसले. दीड मैल छान नेली रे. मग वळणावर खडी आली."

"आणि गवा?"

"एक म्हैस होती. ती पण लांब, शेतात. घरी सासूबाईंना काय सांगायचं, म्हणून यांनी येता येता तिचा गवा केला."

आईच्या कोपराजवळ एक व्रण आहे. तो विहिरीवर पाय घसरल्याचा, असं आम्ही आजवर समजत होतो. तिने पदर सारून तो कव्हरावरच्या ओरखड्याशेजारी धरला. दोन्ही एकाच लांबीचे.

"मग पुन्हा नाही चालवलीस?"

"चालवली की. गव्यानंतर आणखी चार वेळा. मग तुझ्या धाकटीच्या वेळचे दिवस राहिले आणि राहूनच गेलं. हे म्हणायचे, एकदा सगळ्यांदेखत रंकाळ्यावर चालव. मी म्हणायची, सासूबाई आहेत तोवर नको." ती जरा थांबली. "सासूबाई गेल्या तोवर गाडी शेडमध्ये गेली होती."

बाबा २००९ साली गेले. त्यांच्या हयातीत गाडीला तीनदा रंग लागला, दोनदा सीट बदललं. पण हे कव्हर त्यांनी कधी दुरुस्तीला दिलं नाही. ते कंजूष होते, असा माझा इतकी वर्षं समज होता. आणि मी आर्गनने तो ओरखडा बुजवायला निघालो होतो. उरला असता फक्त गवा.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं, "भरू नका. आजूबाजूला घासा, तेवढं सोडून." तो म्हणाला, "आमचं काय, सोडू. पर मन लावून सोडाय पायजे," आणि खरोखर इतक्या जपून त्याने बफ फिरवला की ओरखड्याच्या कडादेखील बोथट झाल्या नाहीत. पैसे मात्र पूर्ण कव्हराचे घेतले. न केलेल्या कामाला जास्त वेळ लागतो, म्हणाला.

परवा चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर गाडी बघितली. रंग बघितला, क्रोम बघितलं, डावं अंडं बघून "वा!" म्हणाले. मग उजव्या बाजूला आले.

"पप्पा, हे काय, स्क्रॅच राहिलाय!"

"तो ओरिजिनल पार्ट आहे," मी म्हटलं.

मागून आईचा आवाज आला. ती सौ.ना सांगत होती, "अगं, माझ्या ट्रंकेत तळाशी एक लुगडं आहे बघ. जरा उन्हात घाल."